नागोयाहून पादांगमार्गे घरी

"मामी, जपानात मुसलमान नाहीत पण इस्लाम आहे, आणि आपल्याकडे मुसलमान आहेत पण इस्लाम नाही, असं म्हणतात ते खरंच ना?"

जपानहून परतल्यावर हा प्रश्न मला पाचव्यांदा विचारला गेला. आधीच्या चौघी मोहल्ल्यातल्या. त्यांना मी "अगदी खरं" म्हणून चहा दिला आणि विषय संपवला. पाचवी माझी भाची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती तेवढ्यावर थांबली नाही. "मग इंडोनेशियात तर बहुतेक सगळे मुसलमान. तिथे काय बघितलंत? कचरा, ट्रॅफिक, लाचखोरी, हेच ना? म्हणजे खोट आपल्यातच आहे."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की माझ्या पोटात खड्डा पडला. बयानात, व्हॉट्सॲपवर हे वाक्य आपण सुधारावं म्हणून सांगितलं जातं. सांगणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण एकोणीस वर्षांच्या मुलीने त्यातून काढलेला अर्थ असा, की दोष आपल्या जातकुळीतच आहे. मी मराठी शाळेत एकवीस वर्षं इतिहास शिकवला. दहावीच्या मुलाने पेपरात असं वाक्य लिहिलं असतं तर मी समासात "कारणे द्या" असा शेरा मारला असता. मग स्वतः चारदा मान कशी डोलावली?

तिला तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

मुलगा नागोयाला नोकरीला आहे. सूनबाईच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तीन महिने तिथे राहिलो. आमचे हे तीस वर्षं बोटीवर होते, त्यामुळे कोबे, योकोहामा, सुराबाया ही नावं आमच्या घरात चिपळूण-खेडइतकीच ओळखीची. पण बंदर पाहणं वेगळं आणि शेजार करणं वेगळं. मुलाच्या शेजारच्या घरात एक इंडोनेशियन कुटुंब राहतं. नवरा कारखान्यात, बायको वृद्धाश्रमात कामाला. ती सुमात्रातल्या पादांगची. पहिल्याच दिवशी ती दारात येऊन "अस्सलामु अलैकुम, इबु" म्हणाली. इबु म्हणजे आई. तिच्याकडे कुठल्याही वयस्क बाईला असंच म्हणतात.

जपानचं कौतुक मी करणारच, ते खोटं कशाला म्हणू? कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचा तक्ता सूनबाईने फ्रिजवर चिकटवला होता आणि पहिले पंधरा दिवस मी त्याला घाबरून होते. शाळेत मुलं स्वतः वर्ग पुसतात, जेवण वाढतात. आमच्या ह्यांची छत्री रेल्वेत राहिली, ती दोन दिवसांनी स्टेशनवर परत मिळाली. तहारतीवर आपल्या दीनने एवढा भर दिला आहे आणि आपल्या मस्जिदीच्या वजूखान्याची अवस्था काय असते, हा विचार मनात आलाच.

पण शेजारणीशी बोलताना दुसरंच काहीतरी उलगडत गेलं. रोज्याला त्यांच्याकडे "पुआसा" म्हणतात, म्हणजे आपला उपवास. जन्नतला "सुर्गा", जहन्नमला "नराका", गुनाहला "दोसा". पुन्हा वेळ म्हणजे "वक्तु", खुर्ची म्हणजे "कुर्सी", बातमी म्हणजे "काबार", आपली खबर. एकाच वाक्यात संस्कृत आणि अरबी मांडीला मांडी लावून बसतात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. आपल्याकडे मराठीत दीनची पुस्तकं काढली तर अजूनही एखादा विचारतो, "उर्दूत का नाही?" त्याला मी आता पादांगला पाठवीन.

दोन्ही देश बेटांचे. जपानची मुख्य बेटं चार, इंडोनेशियाची लहानमोठी धरून सतरा हजारांवर. दोन्हीकडे ज्वालामुखी, भूकंप, त्सुनामी. दोन्हीकडे भात आणि मासे. आपल्या कोकणातल्या बाईला दोन्हीकडच्या स्वयंपाकघरात परकं वाटू नये. मग एवढा फरक का पडला? जपान जगाच्या हमरस्त्यापासून बाजूला होता आणि सुमात्रा-जावा त्या रस्त्यावरच. अरबस्तान, गुजरात, चीन यांची जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जायची आणि वारा बदलेपर्यंत तिथे मुक्काम करायची. त्या मुक्कामांतून इस्लाम तिथे रुजला. व्यापारी आले, सूफी आले, लग्नं झाली. सुमात्रा-जावातल्या काही जुन्या कबरींवरचे दगड गुजरातच्या खंबातमध्ये घडवलेले आहेत. त्याच वाटेने पुढे तोफाही आल्या.

गंमत म्हणजे (तिला गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) दोन्ही देशांत जाऊन पोहोचली ती एकच डच कंपनी. १६१९ मध्ये तिने जावामध्ये बाताविया वसवलं, ते आजचं जकार्ता. १६२१ मध्ये तिने बांदा बेटांवर चढाई केली. जायफळ तेव्हा जगात फक्त तिथे पिकायचं. आपण बिर्याणीवर जायफळ किसतो आणि जायपत्री टाकतो, त्यासाठी बांदाची बहुतेक मूळ वस्ती मारली गेली, उपासमारीने मेली, गुलाम झाली किंवा परागंदा झाली. तिथल्या ४४ म्होरक्यांची मुंडकी उडवली गेली. उडवणारे कोण? डचांनी पगारावर ठेवलेले जपानी समुराई. जपान आणि इंडोनेशियाची ही फार जुनी भेट. शाळेत मी ती कधी शिकवली नाही, कारण मलाच माहीत नव्हती.

आता याच कंपनीची जपानमधली अवस्था बघा. शोगुनाने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं आणि १६४१ पासून डचांना नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाच्या एका कृत्रिम बेटावर ठेवलं. चार एकरांपेक्षाही लहान बेट, एकच पूल, पुलावर पहारा. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपमधल्या लोकांपैकी फक्त डचांनाच येऊ दिलं, आणि तेही तिथे कोंडून. त्यांचा प्रमुख एदोला जाऊन शोगुनापुढे भेटी ठेवून वाकायचा. म्हणजे बातावियात जो डच मालक, तोच जहाजात बसून नागासाकीला गेला की कैद्यासारखा. जपानमध्ये तेव्हा एका हुकमाने चालणारं राज्य होतं, हत्यारबंद फौज होती, आणि ज्यासाठी खून पाडावेत असं जायफळ नव्हतं. जावा-सुमात्रात सुलतान अनेक, आपसात भांडणारे. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करणं सोपं. हा खेळ आपल्याही ओळखीचा आहे.

१८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका आल्या आणि जपानला दार उघडावं लागलं. पण घर शाबूत होतं. १८६८ नंतरच्या सरकारने १८७२ मध्ये सगळ्यांसाठी शाळांचा हुकूम काढला आणि विसावं शतक उजाडल्यावर थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळी मुलं शाळेत जाऊ लागली. जावामध्ये काय चाललं होतं? १८३० पासून गावागावाला सांगितलं गेलं की जमिनीचा ठरावीक हिस्सा ऊस, कॉफी, नीळ यांना द्या आणि ते पीक सरकारच्या हवाली करा. त्या पैशावर हॉलंडमध्ये रेल्वे झाली. जावाच्या मुलांना शाळा मिळाली नाही. १९४५ मध्ये इंडोनेशिया स्वतंत्र झाला तेव्हा शंभरातली दहा माणसंही वाचू शकत नव्हती. छत्री परत देणारा समाज एका दिवसात घडत नाही. त्यामागे पिढ्यानपिढ्यांची शाळा असते, आणि वर कुणी लुटारू बसलेला नसावा लागतो.

याचा अर्थ बंद दार चांगलं, असा मात्र नाही. त्या बंद दाराआड ख्रिश्चनांची कत्तल झाली. नागासाकीत लोकांना दरवर्षी येशूचं किंवा मरियमचं चित्र पायाखाली तुडवून "आम्ही त्यातले नाही" हे सिद्ध करावं लागे. आपण अल्पसंख्य म्हणून राहणारी माणसं. शिस्तीच्या या बाजूकडे आपल्याला डोळेझाक करता येत नाही. आणि पुढे तीच शिस्त फौजेचा गणवेश घालून बाहेर पडली.

मार्च १९४२ मध्ये जावातल्या डचांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. लोकांनी आधी स्वागतच केलं, आशियाई भाऊ आले म्हणून. मग तांदूळ गोळा करून नेला जाऊ लागला, बायकांवर अत्याचार झाले, लाखो पुरुष सक्तीच्या मजुरीला जुंपले गेले. त्या मजुरांना "रोमुशा" म्हणत. आणि रोज सकाळी तोक्योच्या दिशेने, बादशहासाठी, रुकूसारखं कमरेत वाकायचं. नहदतुल उलमाचे संस्थापक हाशिम अशआरी तेव्हा सत्तरीचे होते. ते वाकायला तयार झाले नाहीत, त्यांना तुरुंगात टाकलं. सुमात्राच्या मनिंजाऊचे हाजी रसूल, म्हणजे तफसीर लिहिणारे प्रसिद्ध आलिम हमका यांचे वडील, १९४३ मध्ये बांडुंगच्या सभेत सगळे वाकले तेव्हा आपल्या खुर्चीत बसून राहिले. त्याच वर्षी जपानी नौदलाने कोबेची मस्जिद ताब्यात घेतली. हिंदुस्थानी, तातार आणि अरब व्यापाऱ्यांच्या पैशातून ती १९३५ मध्ये उभी राहिली होती. १९४५ चे बॉम्ब आणि १९९५ चा भूकंप दोन्ही सोसून ती आजही उभी आहे. आम्ही तिथे जोहरची नमाज पढलो.

परतीच्या वाटेवर आठ दिवस पादांगला गेलो. शेजारणीच्या आईचा तसा आग्रहच होता. सगळे तिला नेनेक म्हणतात, म्हणजे आजी. ही माणसं मिनांगकबाउ. त्यांच्यात वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. मुलगे कमवायला परमुलखी जातात, जावई घरात राहायला येतो. आणि पक्के मुसलमान. मी नेनेकला विचारलं, वारसाचा शरीअतचा हिशोब कसा करता? ती म्हणाली, स्वतः कमावलेलं शरीअतप्रमाणे वाटतो, पूर्वजांचं घर कुणी कमावलेलं नाही, ते वाटायचं कसं? या मुद्द्यावर त्यांच्या आलिमांनी पिढ्यानपिढ्या वाद घातले आहेत. हाजी रसूल यांचे उस्ताद तर या रिवाजाच्या फार विरोधात होते. मी त्यात निवाडा देणारी कोण? मला एवढंच दिसलं की त्या घरात म्हातारी बाई कुणाच्या मेहरबानीवर राहत नव्हती.

भाचीने म्हटलेलं सगळं तिथे दिसलं, लपवत नाही. नाल्यात प्लास्टिक होतं, स्कूटरी फुटपाथवरून जात होत्या, आणि एका कागदासाठी "चहापाणी" द्यावं लागल्याची कहाणी नेनेकच्या जावयाने स्वतःच सांगितली. पण सकाळी गल्लीतल्या शाळेसमोरून जाताना पाहिलं तर पाचवी-सहावीची मुलं झाडू घेऊन वर्ग झाडत होती. पाळी लावलेली असते, त्याला "पिकेत" म्हणतात. नागोयातल्या मुलांचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. पादांगच्या मुलांचा व्हिडिओ मला आजवर कुणी पाठवलेला नाही.

पादांगहून दोन-तीन तासांवर बुकित्तिंगी आहे. थंड हवेचं, दरीच्या काठावरचं सुंदर शहर, पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता यांचं जन्मगाव. डचांनी हत्तांना काही वर्षं बांदा बेटांवरच हद्दपार करून ठेवलं होतं, त्याच जायफळाच्या बेटांवर. बुकित्तिंगीच्या बागेत जमिनीखाली उतरणारा एक बोगदा आहे, लोबांग जपांग, म्हणजे जपान्यांचं भुयार. चौदाशे मीटरांच्या आसपास लांब. रोमुशांकडून खोदून घेतलेला. आत ओल, अंधार, आणि ठिकठिकाणी पाट्या: ही दारूगोळ्याची खोली, ही कैद्यांची. मी अर्ध्यातून परत फिरले, गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. नेनेक तर आत आलीच नाही, तिकीटखिडकीपाशी बाकावर बसून राहिली. तिच्या आजोबांना जपानी शिपायांनी बाजारातून उचललं होतं. ते परत आले नाहीत.

१७ ऑगस्ट १९४५ ला सुकर्णो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. त्या कागदावरची तारीख १७-८-०५ अशी आहे. पाच म्हणजे जपानी बादशाही कालगणनेचं २६०५ वं वर्ष. मसुदा एका जपानी नौदल अधिकाऱ्याच्या, मायेदाच्या घरी रात्रभर बसून तयार झाला. युद्धानंतर काही जपानी सैनिक मायदेशी गेलेच नाहीत, डचांविरुद्ध इंडोनेशियनांच्या बाजूने लढले. माणसं काळी-पांढरी निवडून ठेवता येत नाहीत, तसे देशही नाहीत.

आणि आता काळ उलटा फिरला आहे. जपानमध्ये दर दहा माणसांत जवळपास तीन पासष्टीच्या पुढची. मुलाच्या इमारतीत तळमजल्यावर एक जपानी आजी एकटी राहते. तिचा मुलगा तोक्योला, वर्षातून एकदा येतो. स्वच्छ घर, वेळेवर कचरा, आणि बोलायला माणूस नाही. तिच्या दारावर रोज संध्याकाळी कामावरून परतताना टकटक कोण करतं? रोमुशाची पणती. २००८ पासून जपान करार करून इंडोनेशियातून म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी मुली आणतो आहे. शेजारणीला मी एकदा विचारलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, "इबु, ही आजी तेव्हा जन्मलीही नव्हती." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला पगाराचीही गरज आहे." हे दुसरं वाक्य तिने लपवलं नाही म्हणून ती मला जास्त आवडली.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे कचऱ्याचं खापर डचांवर फोडायचं?" तसं नाही. डच जाऊन पाऊणशे वर्षं झाली, नाल्यातलं प्लास्टिक काल टाकलेलं आहे. आपल्या वजूखान्याचं तर काहीच कारण देता येत नाही. पण स्वच्छ रस्ता म्हणजे अख्खा इस्लाम नव्हे. सभेत खुर्चीवरून न उठणारे हाजी रसूलही त्यात येतात, आणि एकट्या म्हातारीच्या दारावरची टकटकही. आपल्यात काय आहे आणि काय नाही, हे एका वाक्यात तोलू नकोस, एवढंच मी तिला म्हटलं. पटलं की नाही, माहीत नाही. ती अजून विचारतेच आहे.

पादांग सोडण्याच्या आदल्या रात्री इशानंतर नेनेक माझ्याशेजारी येऊन बसली. नातवाला दुभाषी म्हणून मध्ये बसवलं. खूप वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "तिथे माझ्या मुलीला काही झालं, तर तिला माती मिळेल का?"

जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक मृताला जाळतात. दफनाला कायद्याने बंदी नाही. उलट १८७३ मध्ये तिथल्या सरकारने दोन वर्षं दहनावरच बंदी घातली होती. पण आज मुसलमानांची कब्रस्तानं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. नवीन जागा मागितली की गावकरी पाण्याचं कारण सांगून नको म्हणतात. क्यूशूतल्या हिजी गावी असा वाद वर्षानुवर्षं चालला. एवढी शिस्तीची, सौजन्याची माणसं, पण तीन हात जमिनीवर अडतात. आणि मुलगा, सून, आता नातू तिथेच राहायचं म्हणतात. नेनेकचा प्रश्न गेली चार वर्षं माझ्याही मनात होता. मुलाला विचारायची हिंमत झाली नव्हती.

मी तिला सांगितलं, यामानाशी नावाच्या भागात डोंगरात एक जुनं कब्रस्तान आहे, असं ऐकलं आहे. तिने विचारलं, नागोयाहून किती लांब? मला सांगता येईना. म्हणून तिथूनच मुलाला फोन लावला. म्हटलं, अरे, सहज विचारते, यामानाशी तुमच्याकडून किती लांब?

"गाडीने तीन-साडेतीन तास, अम्मी," तो म्हणाला. कशासाठी, असं त्याने विचारलं नाही, आणि उत्तर द्यायला त्याला क्षणभरही लागला नाही.